जोकरचे हसणे

एम. ए.च्या पहिल्या वर्षाला रसचर्चा शिकवताना हास्यरसापर्यंत आले की वर्गाला थोडे हायसे वाटते. शृंगारात मुले अवघडलेली असतात, करुणाची उदाहरणे त्यांना पाठच असतात; हास्यात मात्र आता काही तरी मजेचे येणार अशी अपेक्षा असते. मग मी फळ्यावर भरताने सांगितलेले सहा प्रकार लिहितो: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. ज्याला दात न दाखवता हसता येते तो उत्तम, आणि जो बरगड्या धरून हसतो तो अधम, असे ढोबळमानाने सांगून मी पुढे सरकत असे. मुले ते उतरवून घेत. परीक्षेत पाच गुणांची टीप येते. अनेक वर्षे मी हे असेच शिकवले, आणि त्यात काही चुकीचे आहे असे मला कधी वाटले नाही.

आज मात्र लिहायचे आहे ते बॅटमॅनच्या चित्रपटांविषयी, म्हणजे नेमके सांगायचे तर जोकरविषयी. मराठीच्या अध्यापकाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझ्यापुरते उत्तर असे की, हसणे या एका अनुभावाचा इतका दीर्घ आणि इतका परस्परविरोधी पडदा-इतिहास दुसऱ्या कोणत्याही व्यक्तिरेखेच्या वाट्याला आलेला नाही. आणि दुसरे कारण घरगुती आहे. ते ओघात येईलच.

मी पहिला बॅटमॅन पाहिला तो गणेशोत्सवात, बहुधा १९९१ साली. मंडळाने रात्रभर व्हिडिओ लावायचे ठरवले होते. व्हिडिओवाल्याने तीन हिंदी कॅसेटींसोबत चौथी एक इंग्रजी दिली, आणि पहाटे तीनच्या सुमारास, मोठी माणसे पांगल्यावर, आम्हा आठदहा मुलांपुढे टिम बर्टनचा १९८९ सालचा 'बॅटमॅन' सुरू झाला. प्रिंट इतकी काळपट की गॉथम नगरी दिसत कमी आणि जाणवत अधिक होती. (त्या नगरीच्या रचनेबद्दल अँटन फर्स्टला ऑस्कर मिळाले होते, हे कित्येक वर्षांनी वाचले तेव्हा मला हसू आले. आम्ही त्यातला बहुतेक भाग पाहिलाच नव्हता.) इंग्रजी कोणालाच कळत नव्हते. जॅक निकल्सनचा जोकर मात्र भाषेशिवाय कळत होता. रसायनाच्या हौदात पडून वर आलेला, शस्त्रक्रिया फसल्यामुळे ओठांचे कोपरे कायमचे वर ताणलेले, जांभळ्या कोटातला तो माणूस चेहऱ्याने सदैव हसतो. वस्तुसंग्रहालयात शिरून तो थोरामोठ्यांची चित्रे रंग फासून विद्रूप करतो, आणि एकच चित्र शाबूत ठेवायला सांगतो. ते फ्रान्सिस बेकनचे आहे हे कळायला मला पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागले.

चित्रपटाच्या शेवटी जोकर उंच मनोऱ्यावरून पडून मरतो. फरशीवर त्याचे प्रेत पडलेले असते, आणि हसण्याचा आवाज मात्र चालूच असतो. पोलिस प्रमुख वाकून त्याच्या खिशातून एक खेळणे काढतात. हसणे त्या खेळण्यातून येत असते. याच क्षणी माझे वडील मला न्यायला आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. मुलांपुढे हसणे त्यांच्या शिस्तीत बसत नसे. फार झाले तर मिशीखाली एक रेघ हलायची. भरताच्या हिशेबाने अगदी उत्तम प्रकृतीचा माणूस. ते मंडपाच्या कडेला उभे राहून पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी मला विचारले, "तो मेला ना? मग हसतंय कोण?"

आम्ही ते खेळणे नीट पाहिलेले नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

आता थोडे मागे जाऊ. बॅटमॅन प्रथम १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे निर्माते. त्यांतल्या फिंगरचे नाव अधिकृत श्रेयनामावलीत यायला २०१५ साल उजाडावे लागले, ही साहित्यव्यवहारातली एक वेगळीच खलकथा आहे. जोकर १९४० सालचा. त्याचे जनकत्व नेमके कोणाचे यावर केन, फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांच्यात शेवटपर्यंत एकमत झाले नाही, पण त्याच्या चेहऱ्याचा उगम निर्विवाद आहे: १९२८ सालच्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातला कॉनराड फाइट. तो चित्रपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ सालच्या कादंबरीवरचा. कादंबरीचा नायक ग्विनप्लेन याचे तोंड तो लहान असतानाच कापून कायमचे हसरे केलेले आहे. पुढे तो इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात दरिद्री माणसांची बाजू मांडायला उभा राहतो, तेव्हा ते सभागृह त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसत सुटते. तो जितक्या कळवळ्याने बोलतो तितके ते अधिक हसतात.

म्हणजे मुळात हा चेहरा खलनायकाचा नव्हताच. तो सोसणाऱ्याचा होता. १९४० साली कॉमिक्सने त्याचे हसणे उचलले आणि सोसणे मागेच ठेवले. माझ्या मते जोकरच्या पडद्यावरील सगळ्या अवतारांची तुलना एकाच प्रश्नाभोवती करता येते: मागे राहिलेल्या त्या सोसण्याचे प्रत्येकाने काय केले?

१९६६ ते १९६८ या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेतला सीझर रोमेरोचा जोकर या प्रश्नाच्या वाटेलाच जात नाही. ती मालिका म्हणजे निखळ फार्स. अ‍ॅडम वेस्टचा बॅटमॅन गंभीर चेहऱ्याने वाहतुकीचे नियम पाळतो आणि खलनायक आपल्या योजना कोड्यांतून जाहीर करतात. रोमेरोने भूमिकेसाठी मिशी काढायला नकार दिला, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग लावला गेला. नीट पाहिले तर ती रंगाखाली दिसते. मला ही मिशी फार महत्त्वाची वाटते. आतला माणूस आणि वरचा जोकर एकमेकांत मिसळलेले नाहीत, हे तिथे कोणी लपवतच नाही. आपल्याकडच्या सोंगाड्याशी त्याचे नाते जुळते. खेळ संपला की तोंड धुवायचे आणि घरी जायचे. बर्जेस मेरेडिथचा पेंग्विन, फ्रँक गॉर्शिनचा रिडलर, ज्युली न्यूमार आणि नंतर अर्था किट यांची कॅटवुमन, ही सगळी मंडळी याच कुळातली. त्यांना भूतकाळ नाही, त्यामुळे दुःखही नाही.

बर्टनने भूतकाळ दिला, पण तो गुन्हेगारी कथेला साजेसा. त्याचा जोकर आधीपासूनच गुंड आहे; लहानग्या ब्रूस वेनच्या आईवडिलांना मारणाराही तोच. कॉमिक्सच्या निष्ठावंतांना ही जोडणी रुचली नाही आणि मलाही ती अनावश्यक सोयीची वाटते. नायकाचे आणि खलनायकाचे खाते एकाच वहीत मांडले की हिशेब चटकन जुळतो, आणि हिशेब जुळणे हे या कथेचे मर्म नाही. मात्र बर्टनचा नायक मला फार आवडतो. मायकेल कीटन हा विनोदी नट म्हणून प्रसिद्ध होता, म्हणून त्याच्या निवडीवर चाहत्यांनी स्टुडिओकडे पत्रांचा पाऊस पाडला होता. प्रत्यक्षात त्याने असा बॅटमॅन उभा केला की ज्याला हसता येईल असे वाटते, पण जो ते विसरला आहे. निकल्सन सतत हसतो आणि कीटनच्या ओठांचा कोपरासुद्धा हलत नाही. त्या चित्रपटाची खरी मारामारी या दोन चेहऱ्यांत आहे. बाकी स्फोट वगैरे ठीक.

याच बर्टनच्या १९९२ सालच्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये खलनायकांच्या जखमा प्रथमच नायकाच्या जखमेच्या बरोबरीने येतात. डॅनी डेव्हिटोचा पेंग्विन हा श्रीमंत आईबापांनी व्यंगामुळे नाल्यात सोडून दिलेला मुलगा. मिशेल फायफरची कॅटवुमन ही मालकाने खिडकीतून ढकलून दिलेली सेक्रेटरी. आपला काळा पोशाख ती स्वतः शिवते आणि त्याचे टाके शेवटपर्यंत दिसत राहतात. पुढच्या दोन चित्रपटांविषयी, म्हणजे १९९५ आणि १९९७ च्या शूमाकरकृत रंगपंचमीविषयी, फार लिहिण्यासारखे नाही. एकच नोंद करतो. १९९७ च्या चित्रपटात आर्नोल्ड श्वार्झनेगरचा मिस्टर फ्रीझ थंडीवर कोट्या करीत फिरतो. त्याची आजारी बायको काचेच्या पेटीत गोठवून ठेवलेली आहे, आणि तिचा नवरा कोट्या करतो आहे! याच पात्राला पाच वर्षे आधी, १९९२ च्या कार्टून मालिकेतल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागात, पॉल डिनीने जे दिले होते ते पाहिले की लेखनाने पात्राचे काय होते याचा धडाच मिळतो. तिथला फ्रीझ एकसुरी, भावशून्य आवाजात बोलतो. शेवटी तुरुंगाच्या कोठडीत तो एका लहानशा काचेच्या गोळ्यातल्या नर्तकीपुढे बसलेला असतो. वीसबावीस मिनिटांचे लहान मुलांसाठीचे कार्टून ते. पण मी बी. ए.च्या वर्गात करुण आणि करुणाभास यांतला फरक सांगताना या दोन फ्रीझांचे उदाहरण देतो, आणि ते मुलांना गडकऱ्यांच्या उदाहरणापेक्षा लवकर समजते, हे कबूल केलेले बरे.

त्याच कार्टून मालिकेत जोकरला आवाज दिला तो मार्क हॅमिलने. 'स्टार वॉर्स'चा सालस नायक तोच, यावर प्रथम विश्वास बसत नाही. चेहरा रेखाटलेला आहे, देह नाही, फक्त आवाज आहे, आणि त्या आवाजात हसण्याच्या किती तरी जाती आहेत: खुशीचे, धमकीचे, कंटाळ्याचे, आणि एक अगदी हळू, स्वतःशीच केलेले. हॅमिलचा जोकर ऐकताना प्रथमच माझ्या लक्षात आले की मराठीत 'अट्टहास' या शब्दाला दोन अर्थ का असावेत. संस्कृतात तो मोठ्याने हसण्याचा वाचक आहे. मराठीने त्याचा अर्थ हट्ट, निकराचा प्रयत्न असा केला. जोकरचे हसणे दोन्ही अर्थांनी अट्टहास आहे. जगाने आपल्याबरोबर हसावे असा त्याचा हट्ट आहे. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत: स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. जोकरची सगळी कृत्ये आत्मस्थाला परस्थ करण्याची धडपड आहे. निकल्सनचा जोकर तर विषारी रसायन वापरून लोकांना हसत हसत मरायला लावतो.

आणि मग २००८ सालचा 'द डार्क नाइट' आला. हीथ लेजर त्याच वर्षी जानेवारीत गेला. चित्रपट जुलैमध्ये आला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. त्या मृत्यूची छाया भूमिकेवर पडली आणि त्यामुळे तिच्याविषयी धड काही बोलणे अवघड झाले. तरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही असे मला वाटते. लेजरचा जोकर आधीच्यांच्या मानाने फार कमी हसतो. त्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाडलेले आहेत, आणि ते कसे फाटले याच्या दोन वेगळ्या कहाण्या तो दोन माणसांना सांगतो. एकदा दारुड्या बापाने सुरी चालवली म्हणतो. दुसऱ्यांदा बायकोसाठी स्वतःच पाते घातले म्हणतो. तिसरी कहाणी सुरू करतो, पण बॅटमॅन ती ऐकून घेत नाही. म्हणजे ग्विनप्लेनची जखम नोलनने परत आणली, आणि तिच्यामागचे सोसणे मात्र विनोदासारखे वापरले. कारण विचाराल तर हवे ते कारण घ्या, असे हा जोकर सांगतो. आपल्या समीक्षेला व्यक्तिरेखेची 'पार्श्वभूमी' शोधण्याची जी सवय लागली आहे तिची याहून मोठी टिंगल मी पाहिलेली नाही.

तो मनापासून हसतो तो कोठडीत, बॅटमॅन त्याला बेदम मारत असताना. क्रिश्चन बेलचा बॅटमॅन घोगऱ्या आवाजात ओरडतो, आपटतो, ठोसे घालतो. आणि मार खाणारा हसतो, कारण धमकी देण्याजोगे त्याच्यापाशी काही उरलेलेच नाही. त्या वर्षी मी हा प्रसंग वर्गात सांगून 'कारण नसलेली दुष्टता' या विषयावर तासभर बोललो होतो. इयागोपर्यंत गेलो होतो. ते माझ्या चांगल्या तासांपैकी एक होते, असे तेव्हा वाटले.

२०१६ च्या पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. चारएक महिन्यांनी ते काठी घेऊन घरात फिरू लागले, आणि त्याच सुमारास हसणे सुरू झाले. प्रथम आम्हाला आनंद झाला. आयुष्यभर मिशीखाली रेघ हलवणारा माणूस खळखळून हसतो आहे, तेव्हा आजाराने का होईना, गाठ सुटली, असे आई म्हणाली. पण ते हसणे थांबत नसे. बातम्यांत अपघात सांगितला की येई, कोणी दार वाजवले की येई. खांदे हलत, डोके मागे जाई, डोळ्यांतून पाणी वाही, श्वास कोंडे. आणि डोळे मात्र आमच्याकडे विनवणी केल्यासारखे पाहत असत. मज्जारोगतज्ज्ञांनी सांगितले की झटक्यानंतर काहींना असे होते. मेंदूतला हसण्यारडण्याचा लगाम सुटतो. आत भावना असेलच असे नाही, किंवा उलटीही असेल. हसणारा तसा आनंदी नसतो.

घरी येताना मला भरत आठवला, याची थोडी लाज वाटते, पण आठवला. अपहसिताचे वर्णन त्याने असे केले आहे: अस्थानी आलेले, डोळ्यांत पाणी आणणारे, खांदे आणि डोके कंप पावणारे. अक्षरशः तेच. रसप्रक्रियेत स्थायीभाव आधी आणि अनुभाव त्याच्यामागून येतो. आत 'हास' असतो म्हणून ओठ हलतात. इथे अनुभाव पूर्ण होता आणि स्थायीभाव नव्हता. प्रेताच्या खिशातले ते खेळणे. हसतंय कोण?

त्यानंतरच्या वर्षी माझी आत्या गेली. नानांची पाठची बहीण. दहाव्याला नदीकाठी नेऊ नका, असे काही जण सुचवत होते. नानांनी तुटक शब्दांत हट्ट धरला. पिंडाला कावळा शिवण्याची सगळे वाट पाहत असताना ते सुरू झाले. मी त्यांचे तोंड रुमालाने झाकले. तोंड झाकले, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण दुसरे पुष्कळ काही करता आले असते. आतेभावाने आमच्याशी वर्षभर बोलणे टाकले. त्यानंतर मी नानांना बाहेर नेणे बंद केले. त्यांना त्रास होतो, असे कारण मी सर्वांना सांगत असे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी टॉड फिलिप्सचा 'जोकर' पाहायला जिल्ह्याच्या गावी गेलो. व्हेनिसमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाल्याचे वाचले होते, इतकीच तयारी. चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच बसमध्ये एक लहान मूल वाकिन फिनिक्सच्या आर्थरकडे पाहत असते, तो त्याला हसवायला जातो, मुलाची आई चिडते, आणि आर्थरला हसू फुटते. थांबत नाही. गळ्यातून हुंदक्यासारखे येते, तो हाताने तोंड दाबतो, आणि दुसऱ्या हाताने एक छापील कार्ड त्या बाईपुढे धरतो. माझे हसणे हा आजार आहे, मनात जे चालले आहे त्याच्याशी ते जुळत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. अशा रुग्णांच्या चित्रफिती पाहून फिनिक्सने तयारी केली होती, हे नंतर कळले. पाहताना त्याची गरज नव्हती. मी ते डोळे ओळखत होतो. चित्रपटगृहात पुढच्या रांगांमधून लोक हसत होते. त्यांचा दोष नाही. पडद्यावर माणूस हसला की हसायचे असते.

म्हणजे दीडशे वर्षांनी ग्विनप्लेन परतला होता. १९४० साली मागे ठेवलेले सोसणे कोणी तरी उचलून जागेवर आणून ठेवले होते. मी कोणत्याही चित्रपटाचा इतका ऋणी कधी झालो नव्हतो, आणि साधारण तासाभराने त्याच चित्रपटावर इतका रागावलोही नव्हतो. पुढे आर्थर इस्पितळात आईच्या खाटेशी बसतो आणि तिला सांगतो की, माझे हसणे हा आजार आहे असे तू म्हणत आलीस, पण तो आजार नव्हेच, खरा मी तोच. मग उशीने तिचा श्वास कोंडतो. समीक्षकांना हा व्यक्तिरेखेच्या प्रवासातला निर्णायक क्षण वाटला, आणि रचनेच्या दृष्टीने तो तसा आहेही. आजारी आर्थर संपून जोकर जन्माला यायचा तर हसणे त्याचे स्वतःचे व्हायला हवे. पण त्यासाठी चित्रपटाने ते कार्ड फाडून टाकले. बसमधल्या त्या बाईचा संशयच खरा होता, असे शेवटी ठरले. अस्थानी हसणारा माणूस धोकादायक असतो, हे तिला आधीच कळले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात हास्यरस आला. सहा प्रकार फळ्यावर लिहून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तोही तो चित्रपट पाहून आला होता. "सर, अपहसित अधमाचं म्हणता. पण रोगच असला तर?" मी म्हणालो, भरत नाट्याविषयी बोलतो आहे, वैद्यकाविषयी नाही, अधम ही प्रकृती आहे, शिवी नाही. उत्तर बरोबर होते. मुलगा खाली बसला. तास संपल्यावर मी बराच वेळ स्टाफरूममध्ये गेलो नाही.

त्याच आठवड्यात मी नानांसाठी एक कार्ड तयार केले. वाटले त्यापेक्षा ते अवघड गेले. 'विकार' लिहावे तर वेडाचा वास येतो, 'आजार' लिहावे तर संसर्गाची भीती. 'यांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करावे' हे वाक्य मी लिहिले आणि खोडले, कारण तेच तर मी तीन वर्षे करत आलो होतो. शेवटी चार ओळी टंकित करून नानांपुढे ठेवल्या. त्यांनी वाचल्या. मग डाव्या हाताने, सावकाश, खिशातले पेन काढून 'आनंदि' या शब्दातल्या शेवटच्या वेलांटीला काट मारून ती दीर्घ केली, आणि कार्ड खिशात ठेवले.

ते एकदाच वापरावे लागले, एसटीत. कंडक्टर तिकिटे फाडत आला आणि नानांना सुरू झाले. मी कार्ड पुढे केले. त्याने ते चष्मा वर करून पूर्ण वाचले, परत दिले, आणि म्हणाला, "हसू द्या की मग. दोन सातारा ना?" नाना २०२१ च्या हिवाळ्यात गेले. कार्ड त्यांच्या पाकिटात होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१६ च्या जेरेड लेटोच्या जोकरला मी मघाशी वगळले, त्याचे कारण असे की त्याच्या कपाळावर 'डॅमेज्ड' असा शब्द गोंदवलेला आहे. आशय कपाळावर लिहिलेल्या पात्राविषयी आणखी काय लिहावे! २०२२ सालच्या मॅट रीव्ह्जच्या 'द बॅटमॅन'मध्ये पॉल डॅनोचा रिडलर भीषण आहे, आणि कॉलिन फॅरलच्या पेंग्विनला २०२४ मध्ये स्वतंत्र मालिकाही मिळाली. रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन मात्र खलनायकांपेक्षा जास्त खचलेला दिसतो. या गॉथममध्ये आता कोणीच धडधाकट उरलेले नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे कोठडीत रिडलर रडत असतो आणि शेजारच्या कोठडीतून कोणी तरी त्याच्याशी बोलते. चेहरा नीट दिसत नाही. मग ते हसते, आणि रडणाराही हसू लागतो. मी नकळत पुढे वाकून ऐकत होतो, ते हसणे कोणत्या जातीचे आहे ते. आनंदाचे नव्हते, आजाराचेही नव्हते.

२०२४ मध्ये फिलिप्सनेच 'जोकर'चा दुसरा भाग काढला. तो चालला नाही. पहिल्या भागाचे चाहते चिडले, आणि त्यांच्या चिडण्याचे कारण मला अगदी रास्त वाटते: त्यांचा जोकर काढून घेतला होता. न्यायालयात आर्थर पंचांपुढे कबूल करतो की जोकर असा कोणी नाहीच, जे केले ते मीच. क्षणात त्याचे भक्त उठून जातात, लेडी गागाची प्रेयसीही जाते. गाणी फार आहेत, मधला भाग रेंगाळतो, आणि पटकथेची बांधणी सैल आहे, हे सगळे मान्य. पण मला त्या एका कबुलीसाठी तो चित्रपट पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. पाच वर्षांपूर्वी फाडलेले कार्ड दिग्दर्शकाने वाकून, तुकडे गोळा करून, आर्थरच्या हातात परत दिले, आणि प्रेक्षकांना ते नको होते. एका सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की तुम्ही घरचे दुःख चित्रपटात वाचता आहात. असेलही. सहृदय म्हणजे नेमका कोण, हा वाद काव्यशास्त्रात जुना आहे.

चित्रपटाच्या अगदी शेवटी आर्थर तुरुंगाच्या फरशीवर पोटात सुरा खुपसलेल्या अवस्थेत पडलेला असतो, आणि त्याच्यामागे, अंधुक, त्याला भोसकणारा तरुण कैदी हसत हसत त्याच सुऱ्याने स्वतःच्या तोंडाचे कोपरे कापत असतो. ग्विनप्लेनचे तोंड दुसऱ्यांनी कापले होते. लेजरच्या जोकरचे कोणी कापले ते त्यानेच धड सांगितले नाही. हा मुलगा स्वतःच कापतो आहे, आणि त्याला काय झाले आहे हे विचारायला तिथे कोणी नाही. त्या दुपारच्या खेळाला आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. दिवे लागल्यावर दोन मुले जागची उठली नाहीत; एकाने दुसऱ्याला विचारले, "मग खरा जोकर कोण?" दुसरा मोबाइलवर परतीची गाडी किती वाजता आहे ते पाहत होता.